आधी मुळाला गारवा द्या

‘मातीच नाही, मग हवामानाची कटकट कसली?’ हायड्रोपोनिक्सचं साहित्य विकताना हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. टोमॅटोच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. त्यावर विसंबून लोक कर्ज काढतात, म्हणून ते खोडून काढायलाच हवं.

जमिनीत वीतभर खाली दुपारची उष्णता पोहोचेपर्यंत दिवस कलतो. माती काढली की मुळाचं हे पांघरूणच जातं. गच्चीवरच्या पाइपातलं पाणी मे महिन्यात दुपारी सहज 34-35 अंशांवर जातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. तापलेल्या मुळाला मात्र नेमका तेव्हाच जास्त प्राणवायू लागतो. गुदमरलेल्या मुळात मग मूळकूज आणणारा पिथियम शिरतो. गेल्या उन्हाळ्यात मी पाइपातलं एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर तपकिरी साल पायमोजा निघावा तशी अलगद निघून आली आणि हातात नुसता दोरा उरला. वर झाड माना टाकून उभं, पाय पाण्यात असताना!

‘खत वाढवा’ हा सल्लाही असाच घातक. उन्हात झाड पाणी भराभर उचलतं, क्षार मागे राहतात, द्रावण आपोआप कडक होतं. त्यात आणखी खत कशाला? थंडीत द्रावण 15 अंशांखाली गेलं की पानं खालून जांभळी पडतात. स्फुरद टाकीत असतंच, गारठलेल्या मुळाला ते उचलवत नाही.

‘चिलर बसवा, प्रश्न मिटला’ म्हणणारे निम्मं खरं बोलतात. मूळ वाचेल, फुलाचं काय? टोमॅटोची फळधारणा रात्रीच्या तापमानावर फार अवलंबून असते आणि तिला 15 ते 20 अंश मानवतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी कॅलिफोर्नियात 1944 मध्येच दाखवलं. रात्री उकडत राहिलं की परागकण निकामी होतात, फुलं देठापाशी गळतात. धरलेलं फळही 30 अंशांपुढे नीट लाल होत नाही, नारिंगीवरच थांबतं.

हायड्रोपोनिक्सला माझा विरोध नाही, मी स्वतः ते करतो. पण आपल्या पठारावर लागवड ऑगस्ट-सप्टेंबरात करावी, म्हणजे फुलोरा आणि तोडे एप्रिलच्या आत येतात. टाकी मोठी घ्यावी, जमिनीत पुरावी, पाइपांना पांढरा रंग द्यावा, हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. साधा थर्मामीटर घ्यावा आणि तो टाकीत नव्हे, पाइपाच्या शेवटच्या झाडापाशी, दुपारी तीनला बुडवावा.