काढून टाकले, पण सांगितले का? : लिनक्स आणि मीडिया प्लेअरांचे भांडण

#इतिहास #थ्रेड

१/ लिनक्सच्या इतिहासाची एक सोपी गोष्ट नव्या पिढीला वारंवार सांगितली जाते. एका बाजूला गाणी ऐकू आणि चित्रपट पाहू इच्छिणारा साधा वापरकर्ता. दुसऱ्या बाजूला परवान्यांची कलमे मोजत बसलेले सोवळे डिस्ट्रिब्युशनवाले. आणि या सोवळ्यापायी कित्येक वर्षे लिनक्सवर धड एक मीडिया प्लेअर मिळाला नाही. गोष्ट ऐकायला छान आहे. तारखा आणि परवाने समोर ठेवले की ती टिकत नाही.

२/ आधी ‘पॅकेज’ म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे. प्रोग्रॅमचा लेखक सोर्स कोड लिहितो. तो कंपाइल करणे, त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्यांशी जुळवणे, पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या पोहोचवणे, ही कामे डेबियन, रेड हॅट, उबुंटू अशा डिस्ट्रिब्युशनचा मेंटेनर करतो. वापरकर्ता केवळ एक आज्ञा देतो आणि प्रोग्रॅम हजर होतो. म्हणजेच लेखक आणि वापरकर्ता यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा असतो, ज्याचे नाव बहुतेकांना कधीच ठाऊक होत नाही. पुढील सर्व भांडणे या तिसऱ्या माणसाच्या अधिकाराची आहेत.

३/ २००० साली हंगेरीतील आर्पाद गेरेओफी याने एमप्लेअर लिहिण्यास प्रारंभ केला. उपलब्ध प्लेअरांनी त्याचे समाधान होत नव्हते. थोड्याच काळात हा प्लेअर जवळजवळ प्रत्येक प्रकारची फाइल वाजवू लागला. विंडोजसाठी बनवलेल्या बंदिस्त कोडेक-फाइलीसुद्धा त्याने लिनक्सवर चालवून दाखवल्या. त्याची लोकप्रियता यथार्थ होती.

४/ आता लोककथेत न सांगितला जाणारा भाग. एमप्लेअरची बायनरी पॅकेजे वाटण्यास आरंभी मनाई होती, आणि ती डेबियनने घातलेली नव्हती. ती एमप्लेअरच्याच दस्तऐवजात होती! त्यात ओपनडिवएक्स या प्रकल्पातून घेतलेला कोड होता आणि त्याच्या परवान्यात बायनरी वाटण्यास मज्जाव होता. शिवाय प्रोसेसरनुसार करावयाची सारी जुळणी कंपाइल करतानाच होत असे, त्यामुळे एका यंत्रावर बनवलेली बायनरी दुसऱ्यावर नीट चालेल याची शाश्वती नव्हती. लेखकांचे म्हणणे स्पष्ट होते: प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर कंपाइल करावे.

मग डेबियनने पॅकेज का दिले नाही, हा प्रश्न डेबियनला विचारणे म्हणजे कुलूप ज्याने लावले त्याला सोडून वाटसरूला जाब विचारणे होय.

५/ कटुता मात्र दोन्हीकडून वाढली. सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट ७.० आले आणि त्यासोबत ‘जीसीसी २.९६’ नावाचा कंपाइलर आला. जीसीसी प्रकल्पाने अशी आवृत्ती प्रसिद्धच केलेली नव्हती. रेड हॅटने विकासाच्या वाटेवरील कोड उचलून त्याला हा क्रमांक दिला होता. जीसीसीच्या सुकाणू समितीने ऑक्टोबरमध्ये जाहीर निवेदन काढून हात झटकले. एमप्लेअरच्या लेखकांनी तर या कंपाइलरविरुद्ध आपल्या दस्तऐवजात एक संतप्त प्रकरणच लिहिले आणि तो आढळल्यास बांधणी थांबेल अशी तजवीज केली. काही दोष एमप्लेअरच्या स्वतःच्या असेंब्ली कोडमधलेच होते, असा प्रतिवाद रेड हॅटच्या बाजूने झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. परंतु तक्रारींचा पाऊस पडला तो एमप्लेअरवाल्यांवर. ज्या कंपाइलरची निवड त्यांनी केली नव्हती, त्याचे ओझे त्यांच्या माथी आले. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

६/ परवान्याची कोंडी फुटली ती वाद झाला म्हणूनच. ०.९० या आवृत्तीच्या तयारीत ओपनडिवएक्सचा बहुतेक कोड काढला गेला. उरलेल्या एका फाइलीला तिच्या लेखकांनी जीपीएल परवाना दिला. चालू असतानाच प्रोसेसर ओळखण्याची सोय झाली. दस्तऐवजातील मनाईच्या जागी, पॅकेजे खुशाल बनवा, असा मजकूर आला. ज्यांना ‘सोवळे’ म्हणून हिणवले जाते त्यांच्या चिकित्सेचे हे फळ आहे. एमप्लेअर आज निःसंशय मुक्त सॉफ्टवेअर आहे, याचे काही श्रेय त्या कंटाळवाण्या परवाना-चर्चांना द्यावेच लागेल.

७/ डेबियनची पाठराखण मात्र येथेच थांबते. ०.९० आवृत्ती २००३ साली आली. जून २००५ च्या डेबियन ३.१ मध्ये एमप्लेअर नव्हता. तो आला एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० मध्ये. या चार वर्षांत पॅकेज तयार करून पुढे ठेवणारे लोक होते, पेटंटची धास्तीही होती. नव्हते ते वेळेवर मिळणारे स्पष्ट उत्तर. नकार देण्याचा अधिकार डेबियनला होता. ताटकळत ठेवण्याचा नव्हता.

८/ नकार कसा द्यावा याचे उदाहरण २००२ सालीच घडले होते. सप्टेंबरमध्ये आलेल्या रेड हॅट ८.० मधून एमपीथ्री वाजवण्याची क्षमता पेटंटच्या कारणास्तव काढून टाकण्यात आली. लोक चिडले, आणि ते स्वाभाविक होते. परंतु एक्सएमएमएस या प्लेअरमध्ये त्या जागी एक पर्यायी प्लगइन ठेवलेले होते, आणि एमपीथ्री फाइल उघडताच ते सांगत असे की ही सोय पेटंटमुळे वगळली आहे. काय काढले, का काढले, हे वापरकर्त्याला तिथल्या तिथे कळत होते. तो दुसरीकडून प्लगइन आणू शकत होता, आणि लोकांनी तेच केले.

(जाता जाता: भारताच्या पेटंट कायद्यातील कलम ३(के) ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारते. ते सैल करणारा अध्यादेश डिसेंबर २००४ मध्ये निघाला, पण २००५ च्या कायद्यात संसदेने ती दुरुस्ती स्वीकारली नाही. तरीही पुण्यातल्या वा पणजीतल्या ज्या कोणी रेड हॅट ८.० बसवले, त्याच्याही यंत्रावर एमपीथ्री मुकीच राहिली. एका देशाच्या पेटंटांची भीती सीडीत बसून जगभर फिरली.)

९/ अधिकृत रिपॉझिटरीत जे मिळत नाही, ते अनधिकृत रिपॉझिटरीतून येते. डेबियनसाठी अशी एक मल्टिमीडिया रिपॉझिटरी अनेक वर्षे चालली आणि असंख्य लोकांची गरज तिने भागवली. तिच्या नावात ‘डेबियन’ असल्याने ती अधिकृत आहे असा समज पसरला. २०१२ मध्ये डेबियनच्या आक्षेपानंतर तिने नाव बदलले. २०१३ मध्ये जुने डोमेन भलत्याच्याच हाती गेले, आणि आपल्या यंत्रावरील तो पत्ता तातडीने काढून टाका, असा इशारा डेबियनला द्यावा लागला. वर्षानुवर्षे विश्वासाने जोडलेला पत्ता आता एका अनोळखी माणसाचा होता.

१०/ आता या इतिहासातील सर्वांत अप्रिय प्रकरण. लिनक्सवरील बहुतेक प्लेअरांचे इंजिन म्हणजे एफएफएमपेग. जानेवारी २०११ मध्ये त्याच्या विकसकांत फूट पडली आणि मार्चमध्ये एक गट ‘लिबएव्ही’ या नावाने वेगळा झाला. डेबियन आणि उबुंटूमध्ये हे पॅकेज सांभाळणारा प्रमुख मेंटेनर लिबएव्हीच्याच गटात होता. परिणाम व्हायचा तोच झाला: दोन्ही डिस्ट्रिब्युशनांनी लिबएव्ही स्वीकारले.

हे निवडस्वातंत्र्य मान्य करता येईल. आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. उबुंटूवर ‘एफएफएमपेग’ ही आज्ञा दिली की पडद्यावर संदेश येई: हा प्रोग्रॅम कालबाह्य झाला असून केवळ सुसंगतीपुरता ठेवला आहे, त्याऐवजी ‘एव्हीकॉन्व्ह’ वापरावा.

११/ शब्दशः पाहता हे खोटे नव्हते. ‘हा प्रोग्रॅम’ म्हणजे लिबएव्हीने सोबत ठेवलेली त्या नावाची प्रत. पण वाचणाऱ्याला काय कळले? एफएफएमपेग संपला. प्रत्यक्षात मूळ एफएफएमपेग जोमाने चालू होता, लिबएव्हीतील बदलही नियमितपणे सामावून घेत होता. याला मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात, आणि धर्मराजाने म्हटले म्हणून ते सत्य ठरले नाही.

नंतर हिशेब झाला. गूगलच्या दोन सुरक्षा-संशोधकांनी केलेल्या चाचण्यांतून जानेवारी २०१४ पर्यंत एफएफएमपेगमध्ये हजाराहून अधिक दुरुस्त्या झाल्या होत्या. लिबएव्हीमध्ये चारशेच्या आसपास. जुलै २०१५ मध्ये डेबियनने एफएफएमपेगकडे परतण्याचा निर्णय घेतला आणि २०१७ च्या डेबियन ९ मध्ये तो अमलात आला. निर्णय सुधारला गेला हे चांगलेच. परंतु मधल्या काळात ज्यांनी आपला प्रोग्रॅम मेला असे पडद्यावर वाचले, त्यांना तो जिवंत होता हे सांगणारा तितकाच ठळक संदेश कधी आला नाही.

१२/ एमपीथ्रीचा परवाना-कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला. फेडोराने त्याआधीच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, एमपीथ्री वाजवण्याची सोय दिली होती. पेटंट संपली की हे वादही संपतील असे अनेकांना वाटले. सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने एच.२६४ आणि एच.२६५ यांसाठी मेसा ड्रायव्हरमार्फत मिळणारे ग्राफिक्स कार्डाचे साहाय्य कायदेशीर कारणाने बंद केले. आरपीएम फ्यूजनने लवकरच पर्यायी पॅकेजे दिली. पण ज्याच्या यंत्रावर हे घडले, त्याच्या पडद्यावर कोणतेही कारण उमटत नव्हते; सारे काम निमूटपणे प्रोसेसरवर पडत होते आणि पंखा जोरात फिरू लागत होता. वीस वर्षांपूर्वीच्या एक्सएमएमएसने दाखवलेला साधा सरळपणाही येथे नव्हता.

१३/ आणि २०२५ मध्ये पुन्हा तेच. ओबीएस स्टुडिओ हा प्लेअर नव्हे, ध्वनिचित्रमुद्रणाचा प्रोग्रॅम. पण भांडण ओळखीचे आहे. फेडोराने त्याचे स्वतः बनवलेले फ्लॅटपॅक पॅकेज दिले, ते नीट चालत नव्हते, आणि तक्रारी येत होत्या मूळ लेखकांकडे. हे पॅकेज आमचे नाही हे वापरकर्त्याला स्पष्ट कळू द्या, नाहीतर ते काढा, अशी त्यांची मूळ मागणी होती. फेब्रुवारीत त्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. तेव्हा कुठे बोलणी मार्गी लागली आणि वाद मिटला.