बंब पेटला रे पेटला!

थंडी या विषयावर आपण मुंबईकरांनी खरं तर बोलूच नये. कपाटाच्या तळातलं ते एकुलतं एक जॅकेट वर्षातून चार दिवस बाहेर येतं, त्याचा फोटो निघतो आणि ते परत आत जातं. लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये फायरप्लेस दिसली, तर तिच्यासमोर कॉफीचा मग घेऊन पोझ द्यायची. लाकडाच्या आगीशी आपला संबंध एवढाच.

माझाही तेवढाच होता. मग आत्याला खोकला झाला.

आत्या राहते नवापूरला. डहाणू लोकलने बोईसरला उतरायचं, स्टेशनच्या पश्चिमेला शेअर रिक्षा पकडायची, एमआयडीसीचा तो टिपिकल वास संपला आणि खाऱ्या वाऱ्याचा सुरू झाला की समजायचं, गाव जवळ आलं. सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. इथून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं तारापूरचं अणुवीज केंद्र, १९६९ पासून देशाला वीज देणारं. आणि आत्याच्या न्हाणीत आंघोळीचं पाणी तापतं कशावर? तांब्याच्या बंबावर. सासूबाईंच्या काळचा, चिंचेने घासून लख्ख केलेला. मागे एकदा माझ्या भावाने हौसेने इलेक्ट्रिक गीझर बसवून दिला होता. त्याच्यावर आता साबणाच्या वड्या ठेवलेल्या असतात!

डिसेंबरमध्ये मी तिला डॉक्टरकडे नेलं. नळीत फुंकर मारायची ती टेस्ट झाली. डॉक्टरांनी रिपोर्टकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि जरा अवघडूनच विचारलं, "आजी, विडी-सिगारेट काही...?" माझी आत्या! जी हळदीकुंकवालाही दोनदा विचार करून अत्तर लावते! ती इतकी खजील झाली की मलाच हसू आवरेना. डॉक्टर मात्र हसत नव्हते. "चूल? बंब? किती वर्षं?" आत्याने बोटांवर हिशेब केला. एक्केचाळीस.

धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, यावर पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवींनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला होता. चुलीचा, शेणीचा, लाकडाचा धूर हे त्यातलं एक मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात ३२ लाख माणसं गेली. आकडे वाचताना मला काही होत नाही, तुम्हालाही होत नसेल. पण फुंकर मारताना दमलेली आत्या डोळ्यांसमोरून जाईना.

"बंब बंद," मी रिक्षातच जाहीर केलं.

"तू ये दोन दिवस राहायला, मग बोलू," आत्या म्हणाली.

म्हणून जानेवारीचा एक वीकेंड मी बंबाला दिला. (बॉयफ्रेंडला वाटलं, मी त्याला टाळतेय.) सोबत मोबाइलचा स्टॉपवॉच आणि शेजारच्या काकांचा मासळी तोलायचा काटा.

ज्यांनी बंब पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी: पाण्याचं एक उभं पिंप, त्याच्या मधोमध आरपार जाणारी नळी, नळीच्या खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा. आग नळीत, पाणी नळीभोवती. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर. रशियन लोकांचा समोवार असाच चालतो, आणि वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरचं तत्त्वही हेच. उघड्या चुलीवर निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते, बंबात तिला चारी बाजूंनी पाणी अडवतं. डिझाइन म्हणून वस्तू हुशार आहे. मग धूर का?

पहिल्या दिवशी मी काहीच बोलले नाही, फक्त बघितलं. आत्याने अंगणातल्या ढिगातून चार जाड फाटी ओढली. आदल्याच आठवड्यात मोळीवालीकडून घेतलेली, हाताला गार लागणारी. त्यावर दुधाची रिकामी पिशवी पेटवून टाकली ("पटकन पेट घेतं गं"). मग फुंकणी. मग खोकला. मग परत फुंकणी. पाणी कढायला पन्नास मिनिटं आणि अडीच किलो लाकूड लागलं. न्हाणीचं छत काळं कुळकुळीत, खिडकीतून पांढरट-पिवळा धूर बाहेर. पहाटे इथे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. त्यामुळे तो सगळा धूर सरळ पश्चिमेच्या घरात. तिथे पाच महिन्यांचं बाळ आहे. त्याची आई, म्हणजे काकांची सून, कुंपणापाशी बादली घेऊन आली, धूर बघितला आणि काही न बोलता परत गेली. नंतर कळलं, बाळाचे कपडे ती रोज दुपारीच वाळत घालते. तक्रार कधी केली नाही. एका काट्यावर मासळी तोलणारी घरं, धुरावरून कोण भांडणार?

दोस्तहो, धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. हे वाक्य मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फारच इम्प्रेस झाले होते. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू सुटतात, आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. आग पुरेशी गरम असेल आणि वरून मोकळी हवा मिळत असेल, तर ते जळून जातात. नसेल तर तेच धूर म्हणून उडतात, नळीला काजळी म्हणून चिकटतात आणि उरलेले आत्याच्या छातीत जातात. म्हणजे धूर दिसला की सरपणही वाया जातंय आणि फुप्फुसंही.

यातला मोठा व्हिलन कोण? पाणी! ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. त्या पाण्याची वाफ करण्यातच आगीची ताकद जाते, आग थंड राहते आणि धुमसते. एक किलो ओल्या लाकडातून मिळणारी उष्णता चांगल्या वाळलेल्या किलोच्या साधारण निम्मीच भरते. इंग्लंडमध्ये घरोघरी स्टोव्ह लावायची फॅशन इतकी वाढली की १ मे २०२१ पासून तिथे किरकोळीत ओलं सरपण विकायलाच बंदी आली. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडे त्यासाठी मीटर घ्यायची गरज नाही. दोन फाटी एकमेकांवर आपटा. वाळलेली असतील तर टणटणीत वाजतात, ओली असतील तर दबका आवाज येतो. टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल आपोआप सुटते.

आत्याच्या ढिगाने ही परीक्षा साफ नापास केली. खारी दमट हवा, त्यात ढीग सरळ जमिनीवर. मग आम्ही (म्हणजे मी आणि काकांचा कॉलेजात जाणारा धाकटा) चार विटांवर दोन बांबू टाकले, फाटी उभी चिरून मनगटाएवढी केली आणि जमिनीपासून वर रचली. वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीने सगळं गुंडाळून ठेवलं की आत घाम धरतो, हे आत्यालाच माहीत होतं, पण "कोण करत बसणार" म्हणून राहिलं होतं. ती मोळी वाळायला आता उन्हाळा लागेल. दुसऱ्या दिवसासाठी माळ्यावरची मागच्या वर्षीची लाकडं काढली. नारळाच्या करवंट्या होत्याच. पेटवायला त्यांच्यासारखं काही नाही, दुधाच्या पिशवीची गरजच काय! प्लॅस्टिक जाळून निघतं ते विष, एवढं सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं?" बरोबर आहे. आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

ढिगात आणखी एक गोष्ट सापडली: किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके आणि जुन्या होडीच्या रंगवलेल्या फळ्या. फुकटचं म्हणून किनाऱ्यावर असं लाकूड जाळतातच. पण समुद्रात भिजलेल्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. ते जळताना त्यातला क्लोरीन सुटतो, जाळी-नळी खातो आणि डायॉक्सिनसारखी घातक रसायनं तयार करतो. होडीच्या रंगाबद्दल तर बोलायलाच नको. पालघरकडे फार्महाउस घेऊन 'रस्टिक लूक' म्हणून असले ओंडके शेकोटीत घालणाऱ्या माझ्या दोन मित्रांनी हा पॅरा दोनदा वाचावा.

मग नळी. बंब गार असताना आतून काथ्याचा बोळा काठीला बांधून फिरवला. जी काजळी निघाली, तिने माझा नवा टॉप कायमचा डिझायनर झाला. काजळी उष्णतेला पाण्यापर्यंत पोचू देत नाही आणि हवाही अडवते. जाळीची भोकंही राखेने बुजलेली होती. बिचारी आत्या फुंकून फुंकून जी हवा देत होती, ती जाळी फुकटात देणार होती.

दुसरी सकाळ. वाळकी, बारीक फाटी. एकदम कोंबायची नाहीत, थोडी थोडी घालायची. खाली जाळी मोकळी. पहिली पाच मिनिटं धूर झालाच. कारण नळीभोवती गार पाणी असतं, ज्वाळा त्या गार भिंतीला टेकते आणि विझू बघते. बंबाचा हा जन्मजात दोष. उष्णता अडवणारी भिंतच आगीला थंड करते. चांगल्या स्टोव्हमध्ये उलटं करतात. आधी विटांच्या कोंदणात आग पुरती जळू द्यायची आणि मग तिची उष्णता घ्यायची. १९८० च्या दशकात अमेरिकेत लॅरी विनिआर्स्की यांनी 'रॉकेट स्टोव्ह' बनवला तो याच विचाराने. पुढे ज्वाळा लाल-पिवळी, लख्ख झाली आणि धूर जवळजवळ दिसेनासा. अर्धा तास, सव्वा किलो. आत्याने काटा स्वतः परत तपासला. ही काही लॅब नव्हे, दोन दिवसांचीच तुलना. पण सरपण निम्मं झालं हे बघून तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझ्या कुठल्याही भाषणाने आलं नसतं.

इथे थांबले असते तर छान सक्सेस स्टोरी झाली असती, नाही? पण सुधारित चुलींचा इतिहास मोठा डेंजर आहे. केंद्र सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ मध्ये तो गुंडाळला, तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटून झाल्या होत्या. आपल्या महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने 'लक्ष्मी'सारखी धुराड्याची चूल तयार केली. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी याच संस्थेला २००२ चा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. तंत्र होतं, माणसं होती. तरी बऱ्याच चुली पडून राहिल्या. पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात काही वर्षं सुधारित चुलींचा पाठपुरावा केला. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: पहिल्या वर्षी धूर कमी, नंतर फरक नाही. घरोघरी चुलीची डागडुजी झाली नाही, वापर ढिला पडला. थोडक्यात, बोळा फिरवला नाही.

म्हणून मी आत्याला खरं तेच सांगितलं. छातीसाठी सगळ्यात चांगला बंब म्हणजे न पेटवलेला बंब. वीस लिटर पाणी आंघोळीपुरतं तापवायला साधारण अर्धं युनिट वीज लागते, आणि छतावर ऊन रोज फुकट पडतं. आत्या ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गीझरपाशी बसता येतं का गं?" मला उत्तर सुचलं नाही. पहाटे बंबापाशी तिची चहाची वाटी असते, कधी शेजारीण येऊन बसते. एकटीच्या घरात तेवढीच सोबत.

शेवटी तह झाला. रोजची आंघोळ गीझरवर. साबणाच्या वड्या हलल्या. रविवारी आणि सणाला बंब, पण न्हाणीत नाही, मागच्या अंगणात, आणि नळीवर पत्र्याचं धुराडं, कौलांच्या वर जाईल इतकं उंच. उंच धुराड्यात गरम हवा जोरात वर ओढली जाते, खालून ताजी हवा आपोआप येते, फुंकणीला पेन्शन. बोईसरच्या पत्रेवाल्याने पहिलं धुराडं छपराच्या खालीच संपवलं होतं. ते काकांनी परत पाठवलं. महिन्यातून एकदा बोळा फिरवायचं काम धाकट्याकडे, बदल्यात नारळीभात. आणि एक अट माझी: थंडीत निखाऱ्याची शेगडी दार-खिडक्या लावलेल्या खोलीत न्यायची नाही. निखाऱ्याला धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, आणि दर हिवाळ्यात कुठे ना कुठे बंद खोलीत झोपलेलं कुटुंब उठत नाही.

परवा आत्याचा फोन आला. रविवार होता, मागे करवंट्यांचा तडतड आवाज.

"खोकला?" मी विचारलं.

"तो कुठे जातोय एवढ्यात. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात परत फुंकायला बोलावलंय." मग जरा थांबून म्हणाली, "अगं, काकांच्या सुनेने आज सकाळीच कपडे वाळत घातलेत बाळाचे. आणि येताना तो काथ्याचा नको, बाजारात तारेचा लांब ब्रश मिळतो म्हणे, तो घेऊन ये."