मुलांची लेखी गणिते आणि आपण



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खतांच्या मात्रा आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या खेपेस विषय जरा बांधाबाहेरचा आहे. पण लागण नोंदीसाठी गटागटांतून फिरताना तो इतक्या घरांत भेटला की लिहिल्यावाचून राहवत नाही.

चाकणच्या अलीकडे एका वस्तीवर दिवेलागणीला नोंद घ्यायला बसलो होतो. पलीकडे तिसरीतला मुलगा वही पुढ्यात घेऊन मुसमुसत होता. त्याची आई म्हणाली, "साहेब, ह्याला पाढे तोंडपाठ आहेत. वजाबाकी सांगा, करतोय. पण हे गोष्टीवानी लिहिलेलं गणित आलं की नुसता बघत बसतो. मला त्यातलं येत नाही, आन् ह्याचे वडील सेकंड शिफ्टला. क्लास लावू का?"

वहीतले गणित असे होते : रामजवळ १२ आंबे आहेत. ते श्यामजवळच्या आंब्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर श्यामजवळ किती आंबे? पोराने १७ लिहिले होते व त्यावर लाल फुली होती. का रे बेरीज केलीस, विचारले तर म्हणाला, "जास्त म्हटलंय ना."

आम्ही वरमलो. कारण हीच युक्ती आम्ही घरी आमच्या मुलीला शिकवली होती. 'एकूण', 'जास्त' दिसले की बेरीज. 'उरले', 'कमी' दिसले की वजाबाकी. दुसरीत तिचे त्यावर भागले. चौथीत दोन-दोन पायऱ्यांची उदाहरणे आली तेव्हा अडू लागली, आणि आम्ही वर तिलाच रागावलो की डोके कुठे असते तुझे! चूक शिकवणाऱ्याची आणि बोलणी पोरीला.

त्या वस्तीवर आम्ही वहिनींना म्हटले, गणित राहू द्या, तुम्ही त्याला एवढेच विचारा की आंबे कुणाकडे जास्त आहेत. त्यांनी विचारले. पोरगा वाचून म्हणाला, "रामकडं." "मग श्यामकडं सतरा कसं रे झाले?" पोराने क्षणभर आईकडे पाहिले आणि खोडरबर घेतला. सोडवून कुणीच दिले नाही. ज्या बाईला 'त्यातले येत नव्हते' तिने एक साधा प्रश्न विचारला, इतकेच.

आमचे स्पष्ट मत असे की पोरे अडतात ती बहुधा आकडेमोडीत नव्हे, वाचण्यात. वाक्यातले दोन आकडे उचलायचे आणि काहीतरी करून मोकळे व्हायचे, ही सवय लागते. ही काही आपल्याकडचीच खोड नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांना मुद्दाम एक वेडे गणित घातले होते : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्या आकड्यांवरून वय काढून दिले. याचा वयाशी काय संबंध, असे त्यांच्या मनात आले नाही.

आणि मोठ्यांनी हसू नये. सुरू उसाला एकरी १०० किलो नत्र द्या असे आम्ही सांगतो, तर दरवर्षी कोणी ना कोणी युरियाच्या दोन गोण्या टाकून मोकळा होतो. युरियात नत्र ४६ टक्के, गोणी आता ४५ किलोची, म्हणजे गोणीत नत्र २१ किलोसुद्धा भरत नाही. हिशेबाने जवळजवळ पाच गोण्या लागतात, त्याही हप्त्याहप्त्याने. १०० किलो, पण कशाचे? हा प्रश्नच मनात आला नाही. पोराचे आंबे चुकले तर लाल फुली मिळते, आपले चुकले तर टनेज जाते.

तेव्हा मुलगा अडला की पेन्सिल आपण हातात घेऊ नये. आधी त्याला वही मिटून गोष्ट सांगायला लावावी : कोण आहे, काय घडले, विचारले काय? पाहिजे तर आकडे गाळून सांगू दे, 'रामकडे काही आंबे आहेत' असे. गोष्ट सांगता आली नाही तर तिथेच अडले समजावे. पाढे पुन्हा घोकून घेऊन उपयोग नाही. आकडा १,२४८ असेल तर त्याजागी ८ घालून पाहावे. अंगणात काडीने दोन रेघा ओढाव्यात, ज्याचे जास्त त्याची लांब. उत्तर आले की ते गोष्टीत परत बसवायला सांगावे. ५० गोण्या आहेत, छोट्या टेम्पोत एका खेपेला १२ बसतात, तर खेपा किती? पोरगा म्हणेल ४, बाकी २. त्या दोन गोण्या काय रस्त्यावर ठेवायच्या, असे विचारा. पाच खेपा ताबडतोब येतात. हे शिकायला घरातल्या माणसाला मॅट्रिक असावे लागत नाही. डेअरीची चिठ्ठी, किराणा, मजुरांचा आठवड्याचा पगार, सगळी अशीच गणिते आहेत, आणि ती बहुतेक घरांत मायमाउलीच सोडवते. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त गणिते घातली तीसुद्धा भुंगे, हंस, मोर अशा गोष्टींतूनच.

इंग्रजी माध्यमाचे दुखणे वेगळे. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली, पुढे चाकणपर्यंत कारखाने आले, आणि आपल्या सभासदांची बरीच मुले आता इंग्रजी शाळेत जातात. त्याला आमची ना नाही. पण 'हाऊ मेनी आर लेफ्ट' वाचून एका पोराने आम्हाला डावा हात दाखवला होता! अशा मुलाला गोष्ट आधी मराठीत सांगू द्यावी, मग उत्तर खुशाल इंग्रजीत लिहू दे. आजोबा 'त्रेपन्न' म्हणाले आणि नातवाने ३५ लिहिले तर तेही समजून घ्यावे, आपल्या बोलीत तीन आधी येतात.

क्लासबद्दल विचाराल तर, काही क्लास चांगले असतील. पण जिथे तासाला तीस उदाहरणे उरकतात तिथे गोष्ट ऐकायला सवड कुणाला? घरी रोज एक गणित पुरे. जेवताना झाले तरी चालेल. मारझोड, 'ह्याच्या डोक्यात शिरतच नाही' असले बोल पाहुण्यांसमोर तर नकोतच. आणि अधूनमधून पोरालाच गणित रचायला सांगावे.

त्या वस्तीवर परवा पुन्हा जाणे झाले. पोराने आम्हालाच घातले : "साहेब, आमच्या गोठ्यात तीन गाई. त्यातली एक आटलीय. दूध देणारी गाय रोज आठ लिटर देती. दीड लिटर घरी ठेवलं, तर डेअरीला किती?" आम्ही घाईत साडेबावीस सांगून बसलो. तो हसत म्हणाला, "एक आटलीय ना साहेब!"