स्टिकरवर तारीख कुठे आहे?

गाडी सिग्नलला थांबली की ऑइलचा लाल दिवा मिचमिचतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की विझतो. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी काही महिन्यांपूर्वी ही तक्रार सांगितली. गाडी 2005 सालची मारुती 800, मीटरवर जेमतेम 34,000 किलोमीटर. दर रविवारी स्वतः बादली-फडकं घेऊन धुतलेली, एक ओरखडा नाही. सरांना वाटलं, दिव्याचा स्विच गेला असेल. मी म्हटलं, "सर, आता ती चालू करू नका. टो करून नेऊ."

धनकवडीच्या गॅरेजात मिस्त्रींनी आधी स्विचच्या जागी गेज लावून प्रेशर पाहिलं, मग टॅपेट कव्हरचे नट काढले. कव्हर सहज सुटेना, आतून चिकटलं होतं. उचललं तेव्हा जिथं धातूचा रंग दिसायला हवा, तिथं करपलेल्या काकवीसारखा काळा थर होता; कोपऱ्यांत बोटाच्या पेराएवढा जाड. वर आलेलं ऑइल ज्या भोकांतून परत खाली उतरतं, त्यातली दोन पूर्ण बुजली होती. खालून चेंबर उतरवला, तर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी अर्ध्याहून जास्त बंद. पंपाला ऑइल ओढायलाच मिळत नव्हतं. दिवा खरं सांगत होता.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "पण मी दर 5,000 किलोमीटरला न चुकता ऑइल बदलतो हो!" बदलतच होते. पावत्याही जपून ठेवल्या होत्या. फक्त त्यांच्या गाडीला 5,000 किलोमीटर चालायला तीन वर्षं लागत होती.

या आठवड्याचं सदर मी त्या तीन वर्षांसाठी लिहितो आहे. कारण जुन्या इंजिनात गाळ झाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रगडलेली, हेळसांड झालेली गाडी येते. माझ्या पाहण्यात मात्र सगळ्यात वाईट गाळ जपून ठेवलेल्या गाड्यांत निघतो. भाजी आणायला, नातवाला क्लासला सोडायला, बँकेत जायला. तीन-चार किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं.

एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेलं पेट्रोल आणि आम्लं घेऊन. इंजिन अर्धा-पाऊण तास चांगलं तापलं, तर हे पाणी उडून ब्रीदरवाटे निघून जातं. चार किलोमीटरमध्ये ते होत नाही. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण समजतो, पण तो काटा रेडिएटरच्या पाण्याचं तापमान सांगतो. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. मग पाणी आतच राहतं, ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं आम्लांशी झुंजून संपतात आणि त्यांनी धरून ठेवलेली काजळी खाली बसू लागते. उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास रखडणाऱ्या गाडीत गाळ दुसऱ्या वाटेनं येतो. तिथं ऑइल अति तापून जळतं.

दोष नेहमी मालकाचाच असतो, असंही नाही. टोयोटाच्या 1997 ते 2002 दरम्यानच्या तीन लिटर व्ही-6 आणि 2.2 लिटर इंजिनांबद्दल अमेरिकेत गाळाच्या इतक्या तक्रारी आल्या, की 2002 मध्ये कंपनीनं खरेदीपासून आठ वर्षांपर्यंत दुरुस्तीची जबाबदारी घेतली. इंजिनाची घडण आणि ब्रीदरची रचनाही गाळाला हातभार लावते.

आता सफाईबद्दल, आणि इथं मला ठाम बोलायचं आहे. सर्व्हिसिंगच्या बिलात हल्ली 'इंजिन फ्लश' अशी ओळ सर्रास असते. जुन्या ऑइलमध्ये बाटली ओतायची, दहा-पंधरा मिनिटं गाडी उभ्यानं चालू ठेवायची आणि ऑइल सोडायचं. इंजिन स्वच्छ असेल तर याची गरज नाही. आतून नुसता तपकिरी डाग असेल, तर चांगलं ऑइल वेळेवर दोन-तीनदा बदलल्यावर तेच तो हळूहळू उतरवतं. आणि गाळ खरोखर जाड असेल, तर फ्लशनं तो विरघळत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. सुटलेला पापुद्रा ड्रेनच्या नटातून बाहेर येण्याआधी जाळीवर जाऊन बसतो. सरांच्या गाडीत कुणी ती बाटली ओतली असती, तर उरलेली जाळीही बंद झाली असती.

डिझेल किंवा रॉकेल मारून इंजिन धुण्याची जुनी पद्धत तर याहून घातक. क्रँकशाफ्ट बेअरिंगवर थेट टेकत नाही, ऑइलच्या केसाहून पातळ थरावर तरंगत फिरते. त्यात डिझेल मिसळून आपण तो थरच पातळ करतो. माझ्या एका नातलगाची ओम्नी अशी धुतली आणि दुसऱ्याच आठवड्यात बेअरिंग धरलं. क्रँक काढावी लागली.

गाळ हातानं काढायचा. दुसरा खात्रीचा उपाय मला माहीत नाही. मिस्त्रींनी हेडवरच्या भोकांत आधी कापडाचे बोळे घातले, खरवडलेलं खाली पडू नये म्हणून. मग लाकडी पट्टीनं एकेक कोपरा मोकळा केला. लोखंडी पाना लावला असता तर ॲल्युमिनियमला चरे पडले असते. कव्हर आणि चेंबर बाहेर काढलेले होते, ते रॉकेलमध्ये भिजवून ब्रशनं घासले. रॉकेलची जागा तिथं, इंजिनाच्या पोटात नव्हे. जाळी नवीच टाकली. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला. चांगला असेल तर खुळखुळतो, हा गप्प होता, तोही बदलला. अनेक गॅरेजात हा राहून जातो आणि वर्षभरात गाळ परत येतो. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं साधं ऑइल भरलं, नवा फिल्टर लावला आणि सरांना सांगितलं, "500 किलोमीटर झाले की या, परत बदलू." त्यानंतर 1,000 ला पुन्हा. मारुती 800 मध्ये ऑइल लागतं तीन लिटरच्या आसपास. एका इंजिनापुढे हा खर्च काहीच नाही.

तुमची गाडी जुनी असेल तर आजच ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. नुसतं काळं ऑइल पाहून घाबरू नका. ते काजळी धरून ठेवतंय, म्हणजे आपलं काम करतंय. डिझेल गाडीत तर ते दोन दिवसांत काळं होतं. झाकणाखाली कॉफीसारखा फेस दिसला, तर पुसा आणि गाडी तासभर हायवेला चालवून आणा. पावसाळ्यात असा फेस धरतो. तो पुन्हा आला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅसकेट तपासून घ्या. पण धातूवर बोटाला लागणारा काळा थर दिसला, तर कव्हर खोलायला सांगा.

गॅरेजवाल्यांकडे माझं एक मागणं आहे. ऑइल बदलल्यावर दाराच्या कडेला जे स्टिकर लावता, त्यावर पुढचे किलोमीटर लिहिता, तारीख बहुतेकदा लिहीत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही असतात. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. धुळीत आणि छोट्या फेऱ्यांत चालणाऱ्या गाडीला त्याहूनही लवकर. सरांसारखा काटेकोर माणूस तारीख वाचूनही तेवढ्याच शिस्तीनं आला असता.

परवा सर तिसऱ्यांदा ऑइल बदलून आले. आता दर रविवारी ते आणि काकू दिवे घाटातून सासवडला जाऊन येतात, घाटात इंजिन छान तापतं म्हणाले. दाराच्या कडेच्या स्टिकरवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात किलोमीटरच्या खाली महिना आणि साल लिहिलं आहे.