डोकं दुखतंय, हे सांगायचं कुणी?

दिवाळी झाली की आमच्या गारगोटीत बायकांच्या सहलींची कुजबुज सुरू होते. भिशीचे पैसे साठलेले असतात, बचतगटाच्या मीटिंगला हिशेब पाच मिनिटांत आटोपतो आणि मग तासभर एकच विषय, 'यंदा कुठं?' पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं, पंढरपूर-तुळजापूर, फार तर गाणगापूर. आता केदारनाथ, अमरनाथ, लेह-लडाख. चांगलंच आहे की! चूल-मूल सांभाळत पन्नाशी गाठलेल्या बाईनं बर्फ बघायचा नाही तर कुणी बघायचा?

पण मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वी मी आमच्या चौदा जणींना केदारनाथला घेऊन गेले, त्याबद्दल आज थोडं लिहिणार आहे. काही गोष्टी मला अजून टोचतात.

प्रवास कंपनीनं आधी दिलेला कार्यक्रम बारा दिवसांचा होता. यमुनोत्री, गंगोत्री, मग केदार आणि शेवटी बद्री. बारा दिवस घर सोडून राहायला निम्म्या जणी तयार होईनात. कुणाची म्हैस व्यालेली, कुणाच्या मुलाची परीक्षा. मग मीच सुचवलं, चारऐवजी दोनच धाम करू, सहा दिवसांत परत. हेलिकॉप्टरनं केदारला जाऊ, रात्री तिथंच राहू, पहाटेचं दर्शन घेऊ. पैसे वाचले म्हणून सगळ्यांनी माझं कौतुकही केलं. फॉर्मवर आजारांचा रकाना होता. तिथं सगळ्यांच्या नावापुढं मीच 'नाही' लिहून टाकलं. थोरल्या जाऊबाई बी.पी.ची गोळी घेतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

हरिद्वारची उंची जेमतेम तीनशे मीटर, गुप्तकाशी तेराशेच्या आसपास. आणि केदारनाथ ३५८३ मीटर. आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. फाटा नावाच्या गावाहून हेलिकॉप्टर दहा मिनिटांच्या आत वर सोडतं. दहा मिनिटांत शरीरानं काय आणि कसं शिकावं?

तिथं हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याकडच्याइतकंच असतं, पण हवाच विरळ. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशच मिळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. जी हवा डाळ शिजू देत नाही, ती आपल्यालाही लगेच रुळू देत नाही.

संध्याकाळी जाऊबाईंचं डोकं दुखायला लागलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई गं, प्रवासानं धरलंय." जेवल्या नाहीत. सोमवार होता, उपास असेल असं मला वाटलं. रात्री दोनदा उलटी झाली, तीही त्यांनी बाहेर जाऊन गुपचूप केली. पहाटे उठल्या तर पाय सरळ पडेना, दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या. मला त्यांनी त्यांच्या माहेरच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिथल्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि एकच सांगितलं, यांना आत्ताच्या आत्ता खाली न्या. धुकं निवळेपर्यंतचा दीड तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुपारी गुप्तकाशीत त्यांनी चहा मागितला आणि मी रडले.

डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं इथवर असेल तर त्याच जागी विश्रांती घ्यावी, आणखी वर जाऊ नये. पण चाल बिघडली, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्याजागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर ऑक्सिजन मिळाला तरी खाली उतरण्याला पर्याय नाही. मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठत असतं आणि त्यात जीव जातो. २०२२ साली चारधाम यात्रेच्या पहिल्या महिन्याभरातच शंभरावर यात्रेकरू दगावले होते. बहुतेकांच्या बाबतीत हृदयविकार आणि श्वासाचा त्रास ही कारणं सांगितली गेली.

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि दर हजार मीटरला एक जादा मुक्काम हवा, असा नियम आहे म्हणे. आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचली. त्या वाटेवरचे गिर्यारोहकसुद्धा आधी वर जाऊन पुन्हा खाली झोपायला येतात. पूर्वीचे यात्रेकरू तर ऋषिकेशपासून पायी निघत, चट्टीचट्टीवर मुक्काम करत. मी जी यमुनोत्री-गंगोत्री कापली, ती खरं तर शरीराला सवय लावणारी पायरी होती!

लेहचंही तेच. दिल्लीहून विमान थेट सव्वातीन हजार मीटरवर उतरवतं. तिथं पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. पोरं मात्र दुसऱ्या दिवशीच खारदुंगलाकडं गाडी काढतात. तरुण आहे, जिमला जातो, म्हणून त्रास होणार नाही असं काही नसतं.

आपल्या बायकांचे आणखी काही घोळ आहेत. वाटेत स्वच्छतागृह नसतं म्हणून आपण पाणीच पीत नाही. डॉक्टरांनी उंचीसाठी गोळी दिली तर तिनं लघवीला जास्त होते, म्हणून तीही बंद करतो. (सल्फाची ॲलर्जी असेल तर ही गोळी घेण्याआधी सांगायलाच हवं.) देवदर्शन म्हणून पाळी पुढं ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीला विचारून घेतो. बी.पी. असेल, पायात कधी गुठळी झाली असेल, तर हे डॉक्टरांनाच विचारायचं. आणि हिमोग्लोबिन? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. रक्तच कमी असेल तर विरळ हवेतला ऑक्सिजन वाहून कोण नेणार? जाण्याआधी दोन महिने तपासलं तर काहीतरी करता येतं. कापराची पुडी हुंगायला हरकत नाही, वास छान येतो, पण त्यानं ऑक्सिजन वाढत नाही.

अमरनाथला आरोग्य प्रमाणपत्राशिवाय सोडत नाहीत, त्यावर आपण कुरकुरतो. मीही कुरकुरले असते.

जाऊबाईंना नंतर एकदा विचारलं, ताई, रात्रीच का नाही सांगितलं? म्हणाल्या, "चौदा जणींचं दर्शन माझ्यापायी बुडवू व्हय? आणि तूच म्हटली होतीस, कुणी आजारी पडायचं नाही." म्हटलं होतं खरं. गाडीत बसताना, सगळ्यांसमोर, हसत हसत.

यंदा पुन्हा बायकांचं ठरतंय, गंगोत्री आणि केदार. मी कार्यक्रम अकरा दिवसांचा केलाय, हर्षिलला दोन मुक्काम धरून. माणशी खर्च वाढलाय, तीन जणींनी नावं काढून घेतली. फॉर्म मी वाटून दिलेत, आजारांचा रकाना ज्यानं त्यानं भरायचा. जाऊबाईंनी स्वतःचा भरून पाठवला. बी.पी.च्या गोळीचं नाव लिहिलंय, आणि खाली तिरक्या अक्षरात, 'डोकं लगेच दुखतं.'