कोरड्या जंगलाला हिंडणारे हवेत

डिसेंबर जवळ आला की जळगाव-धुळ्यातल्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बेत शिजू लागतात. कुणाला कूर्ग हवे असते, कुणाला मेघालय, आणि अमेरिकेत नोकरीला असलेला एखादा वर्गमित्र कोस्टारिकाच्या वर्षावनातले, कॅरिबियन किनाऱ्यावरचे फोटो टाकून सगळ्यांना चिडवतो. पाठीवर सॅक, सोबत चार मित्र, मुक्काम मिळेल तिथे. ही हौस उत्तम आहे आणि तिच्याबद्दल कुरकुर करण्याचे काही कारण नाही. पण या साऱ्या बेतांमधले जंगल एकाच जातीचे असते: ओले, हिरवेगार, धुक्यात बुडालेले. चोपड्यापासून रावेरपर्यंत आणि शिरपूरच्या उत्तरेला रोज नजरेसमोर असणारा सातपुडा त्यात नसतो, कारण तो वर्षातले सहा-सात महिने वाळलेला दिसतो. माझे म्हणणे असे, की पायी हिंडणाऱ्या माणसांची खरी निकड आहे ती या कोरड्या जंगलाला. ज्या जंगलात कुणी फिरकत नाही, त्याची बाजू घ्यायलाही कुणी उरत नाही.

कोस्टारिकाचेच उदाहरण पुरते पाहू, कारण ते आपल्याला वाटते तितके परके नाही. त्या देशाच्या कॅरिबियन बाजूला लिमोन बंदरापर्यंत रेल्वे टाकणाऱ्या मायनर कीथने रुळांच्या कडेने केळी लावली आणि 1899 मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. आज पर्यटक ज्या किनाऱ्यावर वर्षावन पाहायला जातात, तिथले कितीतरी जंगल आधी केळीसाठी तोडले गेले होते. पुढे पनामा रोगाने त्या बागांतली ग्रो मिशेल ही जात संपवली आणि तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. रावेर-यावलच्या शेतांतली ग्रँड नैन त्याच कॅव्हेंडिश कुळातली. म्हणजे केळीपट्ट्यातला पोरगा सातासमुद्रापलीकडे जाऊन शेवटी केळीच्याच मुलखात उतरतो! असो. 1980च्या दशकात त्या देशात जंगल जेमतेम चौथा हिस्सा उरले होते. आज ते निम्म्याहून अधिक भूभागावर आहे. 1997 पासून इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे दिले जाऊ लागले, आणि उभ्या जंगलातून कमाई होते हे पर्यटकांनी गावोगाव पटवून दिले.

मात्र त्याच देशाचा दुसरा किनारा आपल्याला जास्त शिकवण्यासारखा आहे. पॅसिफिकच्या बाजूला ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. तिथे अर्धे वर्ष पाऊस नसतो, झाडे पाने गाळतात, गवत पिवळे पडते आणि वणवे लागतात. वर्णन सातपुड्याचे वाटावे इतके सारखे. डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञाने 1988 मध्ये लिहिले, की उष्ण कटिबंधातल्या मोठ्या परिसंस्थांमध्ये सर्वांत धोक्यात आहे ते कोरडे जंगल. जगाचे लक्ष वर्षावनाकडे असताना हे मुकाट्याने संपत चालले आहे. कारण साधे आहे. कोरडे जंगल आग लावली की पेटते, त्याखालची जमीन शेतीला आणि गुरांना सोयीची असते, आणि ते ‘उजाड’ दिसत असल्याने तोडताना कुणाला वाईट वाटत नाही. जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स यांनी तिथे स्थानिक माणसांनाच कामावर घेतले, वणवे रोखले, आणि जंगल वाऱ्याने व जनावरांनी आणलेल्या बियांतून आपणहून परतू दिले. 1999 मध्ये तो प्रदेश जागतिक वारसा ठरला.

आपल्या बाजूचा पुरावा याहून रंजक आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला, पण भरदिवसा शिकार करणारा छोटा पक्षी. 1873 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. 1880च्या दशकात खान्देशात असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याच्या बाजूला त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर तो कुणाला सापडला नाही. मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या महाशयांनी 1914 मध्ये गुजरातेत तो मिळाल्याचे ठोकून दिले होते. पुढे उघड झाले की तो संग्रहालयातून लांबवलेला जुनाच नमुना होता, चिठ्ठी तेवढी नवी! अखेर नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. एकशे तेरा वर्षे हुलकावणी देणारा, नामशेष समजला गेलेला पक्षी उघड्या फांदीवर उन्हात बसलेला सापडला. नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा ठिकाणी त्याच्या नोंदी झाल्या. तो कुठल्या दुर्गम दरीत लपलेला नव्हता. त्या रानात डोळे उघडे ठेवून, त्याच्याच शोधात चालणारे कुणी नव्हते इतकेच. पावरा आणि भिल्ल माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण त्यांना विचारायलाही आधी तिथवर जावे लागते.

जंगलाला वाली असला की काय होते, हे केरळच्या सायलेंट व्हॅलीत दिसले. तिथला वीजप्रकल्प लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला आणि 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 स्थळे जागतिक वारसा यादीत गेली. सह्याद्रीच्या बाजूने बोलणारे, भांडणारे लोक पुण्या-मुंबईत हजारोंनी आहेत, आणि त्यांतले बरेच जण मुळात ट्रेकर होते. इकडे यावल अभयारण्य 1969 मध्येच जाहीर झाले, अनेर धरण अभयारण्य 1986 मध्ये. यावलमधल्या अतिक्रमणांच्या आणि तोडीच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो, पान उलटतो आणि केळीचे भाव बघतो. वास्तविक त्या केळीचे पाणी याच डोंगराशी बांधलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यात डोंगरावरून उतरणारे पाणी मुरते आणि खालच्या विहिरींना पोचते. कूपनलिका दरवर्षी खोल जात असताना, वरच्या डोंगरावर झाडे आहेत की नाहीत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेली माणसे या जिल्ह्यांत किती असतील?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: तिथे बघण्यासारखे आहे काय? उन्हात रापलेले डोंगर आणि काटक्या. एप्रिल-मेमध्ये चाळीस-पंचेचाळीस अंशांत सॅक घेऊन चालणे वेडेपणाचे आहे, हे मान्य. पण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ पडलेलाच आहे. पाने गळालेल्या रानात दूरचे दिसते, पाऊल वाजते, पक्षी लपत नाही. कांडोळाचे पांढरे खोड आणि सालईची सोलत जाणारी साल हिरव्या गर्दीत उठून दिसली नसती. अंजनाची जोडपाने खान्देशाइतकी दाट फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो, त्यामागून मोह टपकू लागतो. हे सौंदर्य मुंबई-आग्रा रस्त्याने पळासनेरचा घाट ओलांडणाऱ्या गाडीच्या काचेतून कळत नाही, कारण ते तपशिलात आहे. वर्षावन पहिल्या नजरेत दिपवते. कोरडे रान दोन दिवस चालल्यावर बोलू लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसे गेली की प्लास्टिक जाते, स्पीकर जातो, दारू जाते. पावसाळ्यात देवकुंडाचे आणि कळसूबाईचे काय होते ते दिसतेच. प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. मग सातपुडा एकटाच बरा नाही का? बरा असता, तर मी हा लेख लिहिला नसता. सातपुडा एकटा नाही, फक्त साक्षीदारांशिवाय आहे; कुऱ्हाड आणि वणवा तिथे परवाना न घेता पोचतात. गर्दीवर उपाय निघतो. कास पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली, व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्यांकडे राहिली. तिथले कुंपण वादग्रस्त ठरले हेही खरे, पण मर्यादा घालता येते एवढे तरी सिद्ध झाले. सातपुड्यात तर दिवसाला वीस-पंचवीस माणसे आणि सोबत गावचा वाटाड्या सक्तीचा, इतक्या लहान प्रमाणावर सुरुवात करता येईल.

आदिवासी पाड्यांचे प्रदर्शन होईल, ही भीती मला यांहून गंभीर वाटते. पाहुण्याने न विचारता घरात कॅमेरा रोखणे ही दांडगाई आहे. म्हणून किल्ली बाहेरच्या टूर कंपनीकडे नसावी, ग्रामसभेकडे असावी. 2006च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क दिले आहेत. कुठली वाट उघडायची, कुठली देवाची किंवा जनावरांची म्हणून बंद ठेवायची, हे गावाने ठरवावे. हे स्वप्नरंजन नव्हे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आपले शेकडो एकर उजाड रान राखून पुन्हा उभे केले. तिथली रानभाज्यांची स्पर्धा पाहायला बाहेरून लोक येतात, गावाच्या अटींवर येतात आणि जेवून जातात. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. पाहुणा नेमका कुणाच्या अंगणात उभा आहे हे स्पष्ट असले, की तो बहुधा नीट वागतो.

राहता राहिली सुरक्षितता. घरचे विचारतात, रानात मुलामुलींनी कसे जायचे? पण दिवाळीत अस्तंबा ऋषीच्या यात्रेला तरुणांचे जथे शिदोरी बांधून, रात्रभर चढून शिखर गाठतातच. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांत आणि मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत चालणाऱ्यांत बायका असतात, म्हाताऱ्या असतात. ओळखीची वाट, ठरलेले मुक्काम आणि सोबत, या तीन गोष्टी असल्या की याच घरांना काळजी वाटत नाही. यावलच्या रानात पालपासून लंगडा आंब्याच्या दिशेला अशी एखादी वाट आखणे वनविभागाला अवघड नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यातले कलम 28 अभयारण्यात पर्यटनासाठी परवाना देण्याची मुभा देते, म्हणजे कायदा आडवा येत नाही. अडचण मागणीची आहे. मनालीच्या तिकिटांसाठी महिनोन्‌महिने आधी धावपळ करणाऱ्या ग्रुपपैकी दहा ग्रुपनी या हिवाळ्यात यावलच्या परवान्यासाठी लेखी अर्ज केले, तर वनविभागाला काहीतरी उत्तर द्यावेच लागेल.