मधला वेळ

सतरा सप्टेंबरचे झेंडावंदन आटोपून आम्ही प्राध्यापक मंडळी चहाला बसलो होतो. दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी बराच वेळ दारात घुटमळत होता. शेवटी धीर करून आत आला आणि म्हणाला, "सर, भाषणात तुम्ही रणगाडे आले म्हणालात, फौज आली म्हणालात. मग त्याला पोलीस ॲक्शन का म्हणायचं?"

इतिहासाचे प्राध्यापक नेमके त्या दिवशी रजेवर होते. शिवाय प्रश्न शब्दाचा होता, म्हणजे मराठीच्या माणसाने तो टाळावा असा नव्हता. दिवाळीच्या फराळाबरोबर रझाकार कशाला, असे घरातून मला ऐकवण्यात आले आहेच. पण चकलीबरोबर थोडे तिखट चालत असेल तर वाचकांनी माझे ऐकून घ्यावे.

आमच्या मराठवाड्यातल्या बोलीत राज्यकर्त्यांचे हिशेब शब्दांतच चुकते होतात. निजामाच्या मुलखाला बाहेरचे लोक मोगलाई म्हणत. कोणी फार दांडगाई करू लागला की आमच्याकडे अजूनही विचारतात, "काय रझाकारी लावलीय?" आणि जुनी माणसे वय सांगताना सन सांगत नाहीत, पोलीस ॲक्शनच्या साली मी एवढा होतो, असे हात जमिनीपासून वर धरून दाखवतात.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. लष्कराच्या कागदांत मोहिमेचे नाव ऑपरेशन पोलो. सेनापती मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. त्यांची मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली. म्हणजे सगळा मामला लष्करी. पण वल्लभभाई पटेलांकडे तेव्हा उपपंतप्रधानपदाबरोबर गृहखाते आणि संस्थानांचे खाते होते, आणि सरकारने जगाला सांगितलेला शब्द होता 'पोलीस ॲक्शन'. कारण उघड आहे. लढाई दोन राज्यांत होते. पोलीस घरात येतात. हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेलेली होती. त्या परिषदेची बैठक १६ सप्टेंबरला बसली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर करून टाकली. हा आमच्या घरचा प्रश्न आहे, एवढे त्या एका शब्दाने सांगितले. गृहखात्यातला 'गृह' इतका नेमका क्वचितच वापरला गेला असेल.

विद्यार्थ्याचे एवढ्याने समाधान झाले असते. माझे झाले नाही. घरात पोलीस आले म्हणायचे, तर ते थांबले किती वेळ?

संध्याकाळी त्याला घेऊन मी आमच्या गल्लीतल्या आबांकडे गेलो. पोलीस ॲक्शनच्या साली आबा दहा वर्षांचे. लोहा तेव्हा कंधार तालुक्यात होते, आबांचे खेडे इथून जवळच. ते म्हणाले, "रझाकार एका रात्रीत पांगले. ठाण्यातला अमीनबी गेला. फौज गेली म्हणे हैदराबादेकडं. आमच्या गावात आठ-धा दिवस सरकारच नव्हतं."

"मग त्या दिवसांत काय झालं, आबा?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या आईनं शेजारच्या बूबूला आन् तिच्या दोन लेकरांना कणगीमागं ठेवलं होतं."

सतरा सप्टेंबरच्या भाषणात ही कणगी येत नाही. माझ्याही आली नव्हती. रझाकारांनी या भागात जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि त्याच्या टोळ्यांच्या धाकाने गावेच्या गावे सरहद्दीपलीकडे गेली होती. पण रझाकार गेले आणि कायदा अजून यायचा होता, त्या मधल्या वेळात सूड घेतला गेला तो बहुतेक अशांवर, ज्यांनी कधी हातात भाला धरला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती इकडे फिरून गेली. तिच्या अंदाजाने संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, आणि सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमचे नांदेड. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो दप्तरातच राहिला. पाच दिवसांत संस्थान जिंकण्याची तयारी चोख झाली होती. सहाव्या दिवसाची झाली नव्हती.

या मधल्या वेळावर मी पुढे बरेच दिवस विचार करीत राहिलो, कारण देशाच्या गृहमंत्रिपदाशी आमच्या रस्त्याचे विचित्र नाते आहे. नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता लोह्यावरून जातो. त्याच्या एका टोकाला नांदेडचे नगराध्यक्ष राहिलेले, मुक्तिसंग्रामात उतरलेले शंकरराव चव्हाण. ते दोनदा केंद्रीय गृहमंत्री झाले, १९८४ च्या अखेरीस आणि पुन्हा १९९१ ते १९९६. वाटेत चाकूर, तिथले शिवराज पाटील २००४ ते २००८ गृहमंत्री. आणि दुसऱ्या टोकाला रझवीचे लातूर!

माणसे आमची म्हणून मी हातचे राखून लिहिणार नाही. गृहमंत्री म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाठी येते, पण त्या मंत्र्याच्या हाताखाली कोणत्याही राज्यातले एकही साधे ठाणे नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतल्या पहिल्या दोनच नोंदी आहेत, सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस. आमच्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडे, उंट आणि माणसे यांच्या गर्दीत शिट्ट्या फुंकणारा शिपाई मुंबईच्या गृहखात्याचा. दिल्लीचा त्याच्याशी संबंध नाही. दिल्लीकडे केंद्रीय राखीव पोलीस दल आहे, गुप्तवार्ता विभाग आहे. (हे राखीव दल १९३९ मध्ये नीमचला निघाले तेच मुळी संस्थानांतली गडबड आवरण्यासाठी, आजचे नाव त्याला १९४९ मध्ये मिळाले.) पण राज्यांना अंतर्गत अशांततेपासून वाचवण्याचे कर्तव्य कलम ३५५ ने केंद्रावरच टाकले आहे. जबाबदारी एकीकडे आणि ठाणे दुसरीकडे. मधला वेळ तिथेच शिरतो.

६ डिसेंबर १९९२ ला शंकरराव गृहमंत्री होते. केंद्राची दले अयोध्येपासून काही मैलांवर, फैजाबादला आणून ठेवलेली होती. त्यांचा वापर राज्य सरकारच्या हाती होता, आणि राज्य सरकारने तो केला नाही. बाबरी मशीद दुपारभरात पाडली गेली. राष्ट्रपती राजवट आली ती त्यानंतर. केंद्राचे हात घटनेने बांधलेले होते हे मला कळते. पण गाठ कुठे आहे हे आधीपासून ठाऊक असलेल्या माणसाने ती सोडवण्याचा विचारही आधीच करायला हवा होता, असे मला अजून वाटते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्ला झाला. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान तेव्हा दिल्लीजवळच्या मानेसरला असत. ते मुंबईत पोचेपर्यंत रात्र सरली होती. तोवर मुंबईचे पोलीस साध्या शस्त्रांनी लढले आणि तुकाराम ओंबळे यांनी तर लाठीच्या बळावर अजमल कसाबला धरले. ३० तारखेला शिवराज पाटलांनी राजीनामा दिला. पुढे या दलाचे तळ मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे झाले, राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदाही त्याच डिसेंबरात आला. मधला वेळ कमी करता येतो, पण तो कमी करण्याची घाई आपल्याला नेहमी नंतर होते.

वेळेवर झालेल्या कामाची मात्र कोणी आठवण काढत नाही. शंकररावांच्या पहिल्या कारकिर्दीत केंद्रीय गृहसचिव होते आपले राम प्रधान. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारावर आणि पुढच्या वर्षी ३० जूनच्या मिझोराम करारावर त्यांची सही आहे. मिझोरामात वीस वर्षे बंदुका वाजत होत्या. माझ्या वर्गात हे नाव विचारले तर एकही हात वर होत नाही.

निघताना त्या विद्यार्थ्याने आबांना विचारले, "मग आबा, सरकार पहिल्यांदा आलं कधी?"

"एक शिपाई आला सायकलीवर. मद्रासकडचा असावा. काय बोलत होता, कोणाला कळंना. आईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्यो पानी प्याला, भिंतीला सायकल टेकवून ओट्यावर बसला. तवा बूबू बाहेर आली."